म्हैसूरचे दोड्डस्वामी : ॲबे द्युबुआ यांचे जीवन आणि वारसा

म्हैसूरहून हासनकडे जाणारा लोहमार्ग कृष्णराजनगरावरून जातो. कावेरीच्या काठावरील हे नगर तसे नवे आहे. पुरामुळे येडतोरे या जुन्या गावाची हानी झाल्यानंतर, १९२० च्या दशकात, म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत ते वसविण्यात आले आणि महाराजांचेच नाव त्यास देण्यात आले. कालव्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातशेतीसाठी आज हा परिसर प्रसिद्ध आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र श्रीरंगपट्टण ते हासन हा सारा मुलूख युद्धांनी पोळलेला होता. अशा काळात डोक्याला पागोटे, अंगात पांढरा पायघोळ अंगरखा आणि हातात वेळूची काठी अशा वेषातील एक फ्रेंच धर्मगुरू या प्रदेशात वावरत होता. लोक त्यास दोड्डस्वामी, म्हणजे मोठे स्वामी, म्हणत. इतिहासात हा धर्मगुरू ॲबे ज्याँ आंत्वान द्युबुआ या नावाने ओळखला जातो. ॲबे हे फ्रान्समध्ये धर्मगुरूंच्या नावाआधी लावले जाणारे उपपद आहे.

हिंदूंचे आचारविचार, चालीरीती आणि संस्कार यांवरील द्युबुआ यांचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात भारताविषयी सर्वाधिक वाचल्या गेलेल्या युरोपीय ग्रंथांपैकी एक होता. भारतात नोकरीस येणारे अनेक इंग्रज अधिकारी तो वाचून येत. या ग्रंथाच्या कीर्तीमागे मात्र एका विसर्जित धर्मसंघाची कहाणी दडलेली होती. ती उजेडात येण्यास १९८७ साल उजाडावे लागले. ज्या कार्यासाठी द्युबुआ भारतात आले ते आपल्या हातून साधले नाही, असा निर्वाळा त्यांनी स्वतःच दिला होता. ज्या ग्रंथाने ते अजरामर झाले तो मोठ्या प्रमाणात दुसऱ्याचा होता, असे पुढे सिद्ध झाले. असे असूनही म्हैसूर प्रांतात त्यांच्या नावाची आठवण आजही का टिकून आहे, हे त्यांच्या जीवनावरूनच कळते.

जेझुइटांची पूर्वपीठिका

द्युबुआ यांच्या कार्याचा पाया त्यांच्या आगमनापूर्वी दीडशे वर्षे घातला गेला होता, आणि तो घालणारे होते येशूसंघाचे म्हणजे जेझुइट पंथाचे धर्मगुरू. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या या संघास १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५४२ मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचले. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातील जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. याच संघाचे इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. मराठी वाचकांस या संघाची खरी ओळख आहे ती या पुराणामुळे.

स्थानिक भाषा आणि स्थानिक रीती आत्मसात केल्याखेरीज धर्माचा संदेश लोकांपर्यंत पोहोचणार नाही, ही स्टीफन्स यांची दृष्टी दक्षिणेत आणखी पुढे नेण्यात आली. इटालियन जेझुइट रॉबर्टो दे नोबिली १६०६ मध्ये मदुराईस आले. त्यांनी भगवी वस्त्रे परिधान केली, मांसाहार सोडला आणि तमिळ व संस्कृत या भाषांचा अभ्यास केला. त्यांच्या या पद्धतीवर चर्चमधूनच कडाडून टीका झाली. १६२३ मध्ये पोपने ती तात्पुरती मान्य केली. सतराव्या शतकाच्या मध्यास लेओनार्दो चिन्नामी हे जेझुइट गोव्याहून श्रीरंगपट्टणास आले. त्या वेळी म्हैसूरच्या गादीवर कंठीरव नरसराज वाडियार होते. चिन्नामी यांनीही संन्याशाचा वेष स्वीकारला आणि कन्नड भाषेचा अभ्यास केला. म्हैसूर मिशनचा आरंभ येथून झाला.

ही पद्धती अखेर रोमच्या रोषास पात्र ठरली. हिंदू रीतींस दिलेल्या सवलतींवरून मलबार विधींचा वाद अनेक दशके चालला. १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांवर निर्णायक निर्बंध घातले. त्यापाठोपाठ संघावरच संकट कोसळले. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांस आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले. फ्रान्सने १७६४ मध्ये संघावर बंदी घातली, आणि १७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी संपूर्ण संघच विसर्जित केला. गोवा, मदुराई, म्हैसूर आणि कर्नाटक प्रांत येथील मिशने एकाएकी पोरकी झाली.

नव्या संस्थेकडे जबाबदारी

१७७६ मध्ये पाँडिचेरीच्या फ्रेंच मिशनची सूत्रे पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेकडे आली. सतराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेली ही संस्था जेझुइटांसारखा व्रतबद्ध संघ नव्हती. तिचे सदस्य सामान्य धर्मप्रांतीय धर्मगुरू असत. आशियात जाऊन तेथील लोकांमधूनच धर्मगुरू घडवावेत आणि स्थानिक चर्च त्यांच्या हाती सोपवावे, हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. १६६३ मध्ये पॅरिसच्या रू द्यु बाक या रस्त्यावर तिचे विद्यालय सुरू झाले होते.

पाँडिचेरीतील काही वृद्ध जेझुइट नव्या संस्थेच्या छत्राखाली तेथेच राहिले. अशांपैकी एक होते गास्ताँ लॉराँ कर्दू. १६९१ मध्ये जन्मलेले कर्दू १७३२ मध्ये भारतात आले होते. तेलुगू आणि संस्कृत या भाषांचे ते जाणकार होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये मूलभूत साम्य असल्याचे त्यांनी १७६७ मध्येच पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविले होते. सर विल्यम जोन्स यांचे याच विषयावरील सुप्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर १९ वर्षांनी झाले. कर्दू यांचे टिपण मात्र १८०८ पर्यंत छापले गेले नाही. १७७९ मध्ये पाँडिचेरीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांची पुढील कथा द्युबुआ यांच्या जीवनाशी अतूटपणे जोडलेली आहे.

आर्देशहून भारताकडे

ज्याँ आंत्वान द्युबुआ यांचा बाप्तिस्मा जानेवारी १७६६ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्देश विभागातील सेंट रेमेझ या गावी झाला. १७९२ मध्ये त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. चर्चची मालमत्ता जप्त झाली होती आणि नव्या राज्यव्यवस्थेशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंचा छळ सुरू होता. त्याच वर्षी परदेशी मिशन संस्थेत दाखल होऊन द्युबुआ यांनी मायदेश सोडला. पुढील ३० वर्षे त्यांनी फ्रान्सचे तोंड पाहिले नाही.

१७९२ हे वर्ष म्हैसूरसाठीही कसोटीचे होते. इंग्रज, मराठे आणि निजाम यांच्या संयुक्त फौजांनी श्रीरंगपट्टणास वेढा घातला होता. हरिपंत फडके यांच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्य त्यात सामील होते. मार्च १७९२ च्या तहान्वये टिपू सुलतानास आपले जवळजवळ निम्मे राज्य गमवावे लागले.

द्युबुआ यांची पहिली काही वर्षे तमिळ प्रदेशात गेली. तेथेच त्यांनी आपल्या जीवनपद्धतीचा निर्णय घेतला. युरोपीय पोशाख आणि युरोपीय आहार सोडून त्यांनी देशी वेष धारण केला, मांसाहार वर्ज्य केला आणि ज्या लोकांमध्ये राहायचे त्यांच्या शिष्टाचारांप्रमाणे वागण्याचा परिपाठ ठेवला. दे नोबिली आणि चिन्नामी यांनी दीडशे वर्षांपूर्वी स्वीकारलेली वाट त्यांनी पुन्हा धरली. जेझुइट संघ उरला नव्हता, पण त्याची पद्धती एका वेगळ्या संस्थेच्या धर्मगुरूच्या रूपाने म्हैसूरकडे परतत होती.

श्रीरंगपट्टणचे विस्कळित मंडळ

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान रणांगणात मारला गेला. इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वाडियार यांस, म्हणजे तिसऱ्या कृष्णराजांस, गादीवर बसविले आणि कारभार दिवाण पूर्णय्या यांच्या हाती दिला. पराभूत राजधानीतील एक अवघड प्रश्न ख्रिस्ती समाजाचा होता.

टिपूने १७८४ मध्ये कॅनरा किनाऱ्यावरील हजारो कॅथलिक कुटुंबांस पकडून श्रीरंगपट्टणास आणले होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात या समाजाने इंग्रजांस साहाय्य केल्याचा त्याचा संशय होता. या बंदिवासात अनेकांचा मृत्यू झाला आणि अनेकांस सक्तीने इस्लामची दीक्षा देण्यात आली. बंदींची संख्या किती होती याविषयी निरनिराळे अंदाज आहेत. द्युबुआ यांनी स्वतः ती ६०,००० च्या वर सांगितली आहे. टिपूच्या या धोरणामागे राजकीय कारणे अधिक होती की धार्मिक, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

कर्नल आर्थर वेलस्ली यांच्या शिफारशीवरून द्युबुआ यांस म्हैसूरला पाचारण करण्यात आले. या विखुरलेल्या समाजास पुन्हा एकत्र आणण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. हे काम केवळ धर्मविधींचे नव्हते. १५ वर्षांत कुटुंबे फुटली होती, घरदार व जमीन गेली होती आणि जे परत येऊ इच्छित होते त्यांस समाजात पूर्वीचे स्थान मिळेल याची शाश्वती नव्हती. सक्तीमुळे धर्म सोडलेल्यांस दोषी ठरवावे की सामावून घ्यावे, हा प्रश्न होता. द्युबुआ यांनी सौम्यतेचा मार्ग स्वीकारला. त्यांच्या प्रयत्नाने सुमारे १,८०० जण चर्चमध्ये परतले, असे सांगितले जाते. श्रीरंगपट्टणात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे जुने चर्च आजही आहे.

निराश्रित कुटुंबांचे पोट भरल्याखेरीज त्यांचे मंडळ टिकणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यासाठी त्यांनी शेतीच्या वसाहती उभारल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वसाहत हासनजवळच्या साथळ्ळी येथील होय. युद्धाने उघड्यावर पडलेल्या माणसांस जमीन आणि नांगर मिळाला. पुढे या परिसरात कॅथलिक शेतकऱ्यांची गावे रुजली.

देवीच्या लशीची मोहीम

द्युबुआ यांच्या कार्यातील सर्वाधिक लोकोपयोगी भाग धर्माशी थेट संबंधित नव्हता. देवीचा रोग त्या काळी गावेच्या गावे ओस पाडीत असे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या लशीचा प्रयोग केला. ही लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. लस टिकविण्याची साधने तेव्हा नव्हती. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचून ती हातोहात पुढे न्यावी लागे. साखळी तुटली की लस संपे.

मुंबईहून लस दक्षिणेत पोहोचताच द्युबुआ यांनी म्हैसूर राज्यात तिचा प्रसार हाती घेतला. लोकांच्या मनात शंका होत्या. परक्या जातीच्या माणसाच्या शरीरातील द्रव आपल्या मुलाच्या शरीरात जाणार, ही कल्पना अनेकांस सहन होणारी नव्हती. देवी हा रोग म्हणजे देवीचा कोप, अशी श्रद्धाही होती. अशा परिस्थितीत लोकांची भाषा बोलणारा, त्यांच्यासारखा राहणारा आणि त्यांच्या शिवाशिवीच्या कल्पना जाणणारा मनुष्य जे करू शकला ते कंपनीच्या डॉक्टरांस साधणे कठीण होते. १८०३-०४ या काळात द्युबुआ यांच्या देखरेखीखाली २५,४३२ जणांस लस टोचण्यात आल्याची नोंद आहे. ज्या काळात दळणवळणाचे साधन बैलगाडी आणि पायवाट एवढेच होते, त्या काळातील हा आकडा आहे.

राजघराण्यानेही या मोहिमेस पाठबळ दिले. आयरिश चित्रकार थॉमस हिकी यांनी सुमारे १८०५ मध्ये म्हैसूरच्या तीन राजस्त्रियांचे एक चित्र रंगविले. लसीकरणास प्रोत्साहन मिळावे या हेतूने ते काढले गेले असावे, असे मत अलीकडे अभ्यासकांनी मांडले आहे. याच हिकी यांनी पुढे देशी वेषातील द्युबुआ यांचेही व्यक्तिचित्र काढले.

ग्रंथाची विक्री आणि कीर्ती

याच वर्षांत द्युबुआ यांनी हिंदू समाजाच्या चालीरीतींविषयी फ्रेंच भाषेतील एक विस्तृत हस्तलिखित तयार केले. जातिव्यवस्था, विवाह, अंत्यसंस्कार, सोवळेओवळे, उपवास, सण, आश्रमव्यवस्था, देवालये आणि दंतकथा अशा असंख्य विषयांची तपशीलवार माहिती त्यात होती. म्हैसूरचे हंगामी रेसिडेंट मार्क विल्क्स यांच्या हाती ते आले. त्यांच्या शिफारशीवरून, लॉर्ड विल्यम बेंटिंक मद्रासचे गव्हर्नर असताना, कंपनी सरकारने ते २,००० सोन्याच्या होनांस विकत घेतले. हा व्यवहार १८०७ मध्ये पूर्ण झाला. मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनीही हस्तलिखिताची प्रशंसा केली होती.

लंडन येथे १८१६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. दरम्यान द्युबुआ यांनी आपल्या लेखनात पुष्कळ भर घातली होती, पण ती वेळेत पोहोचली नाही. सुधारलेला फ्रेंच ग्रंथ १८२५ मध्ये पॅरिसच्या राजकीय मुद्रणालयात छापला गेला. मद्रासच्या दप्तरातील सुधारित हस्तलिखितावरून हेन्री बोशां यांनी केलेले नवे इंग्रजी भाषांतर १८९७ मध्ये ऑक्सफर्ड येथून निघाले. आज प्रचारात आहे ते हेच.

ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादा विसरून चालत नाहीत. तो दक्षिण भारतातील अनुभवावर आधारलेला आहे, तरी अनेक ठिकाणी संपूर्ण हिंदू समाजाविषयी ठाम विधाने करतो. ब्राह्मणवर्गावरील त्याची टीका कठोर आणि काही वेळा अन्यायकारक आहे. दुसरीकडे जातिव्यवस्थेस तो समाज टिकवून धरणारी थोर रचना मानतो. तिच्या तळाशी असलेल्या माणसांच्या दुःखाचे वर्णन त्यात आहे, पण त्या दुःखाचा आणि रचनेचा संबंध लेखकास अस्वस्थ करीत नाही. कंपनी सरकारने हा ग्रंथ विकत घेतला तो ज्ञानासाठी जितका, तितकाच राज्य चालविण्याच्या सोयीसाठी. असे असूनही अठराव्या शतकातील दक्षिण भारताच्या दैनंदिन जीवनाची जी बारीकसारीक माहिती त्यात मिळते, ती अन्यत्र क्वचितच आढळते.

अपयशाचा जाहीर हिशेब

म्हैसूर प्रांतात वर्षे लोटत गेली तसतशी द्युबुआ यांच्या मनात एक कठोर निष्कर्ष दृढ होत गेला. तो त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या भारतातील स्थितीविषयीच्या पत्रांतून मांडला. ही पत्रे १८२३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांनी खळबळ उडाली.

त्यांच्या मते त्या परिस्थितीत हिंदूंचे धर्मांतर होण्याची शक्यता उरली नव्हती. आपल्या २५ वर्षांच्या सेवेत दोनशे ते तीनशे जण ख्रिस्ती झाले, त्यांतील दोनतृतीयांश अगदी तळाच्या जातींतील किंवा भिक्षेकरी होते आणि बहुतेकांचा हेतू ऐहिक लाभाचा होता, अशी कबुली त्यांनी दिली. युरोपीयांच्या वर्तनामुळे ख्रिस्ती धर्माविषयी तिरस्कार निर्माण झाल्याचेही त्यांनी नमूद केले. मांसाहार, मद्यपान आणि स्थानिक शिष्टाचारांची उपेक्षा करणारे गोरे लोक ज्या धर्माचे, तो धर्म उच्च असू शकतो हे हिंदूंस पटणे अशक्य होते. जेझुइटांनी भारतीय रीतींस दिलेल्या सवलती रोमने काढून घेतल्या तेव्हाच खरी संधी हुकली, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

प्रॉटेस्टंट मिशनरींनी या पत्रांवर तीव्र आक्षेप घेतला. जेम्स हफ आणि हेन्री टाउनली यांनी १८२४ मध्ये त्यांस ग्रंथरूपाने उत्तरे दिली. एका मनुष्याच्या निराशेवरून संपूर्ण देशाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही, हा त्यांच्या प्रतिवादाचा आशय होता. या आक्षेपात तथ्य होते. तथापि आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कार्यास वाहिली त्याच्या फलिताचा असा उघड आणि स्वतःस प्रतिकूल हिशेब जगासमोर ठेवणारे धर्मोपदेशक विरळाच.

पॅरिसमधील उत्तरायुष्य

जानेवारी १८२३ मध्ये द्युबुआ यांनी भारताचा निरोप घेतला. कंपनीने त्यांच्या प्रवासाचा खर्च केला आणि त्यांस निवृत्तिवेतन दिले. पॅरिसला परतल्यावर ते परदेशी मिशन संस्थेच्या विद्यालयात दाखल झाले. १८२६ मध्ये त्यांनी पंचतंत्राचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. त्यातच परमार्थ गुरूच्या विनोदी कथाही समाविष्ट होत्या. या कथांचा तमिळ कर्ताही एक जेझुइटच होता. वीरमामुनिवर या नावाने तमिळनाडूत आदराने स्मरले जाणारे कोन्स्टान्झो बेस्की यांनी त्या लिहिल्या होत्या.

१८३६ ते १८३९ या काळात द्युबुआ संस्थेचे प्रमुख होते. १७ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. भारतात ते पुन्हा कधीच आले नाहीत.

विस्मृतीतील मूळ लेखक

द्युबुआ यांच्या मृत्यूनंतर सुमारे १४० वर्षे त्यांच्या ग्रंथाचे कर्तृत्व निर्विवाद मानले गेले. फ्रेंच संशोधक सिल्व्हिया म्यूर यांस लंडनमधील संग्रहात १७७७ सालचे एक फ्रेंच हस्तलिखित आढळले. देव्हो नावाच्या फ्रेंच तोफखान्यातील अधिकाऱ्याने ते सिद्ध केले होते. त्यातील मजकूर आणि द्युबुआ यांचा ग्रंथ ताडून पाहता दोहोंचे मूळ एकच असल्याचे दिसून आले. हे मूळ म्हणजे वृद्ध जेझुइट कर्दू यांनी लिहिलेला हिंदूंच्या आचारांवरील प्रबंध होय. म्यूर यांचे संशोधन १९८७ मध्ये पॅरिस येथे दोन खंडांत प्रसिद्ध झाले. द्युबुआ यांनी कर्दू यांचा प्रबंध मोठ्या प्रमाणात उतरून घेतला, त्यात आपल्या अनुभवांची भर घातली आणि मूळ लेखकाचे नाव मात्र दिले नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. मिशनची कागदपत्रे ही त्या काळी सामुदायिक ठेव समजली जात. एकाने लिहावे, दुसऱ्याने उतरवावे, तिसऱ्याने भर घालावी, हा परिपाठ होता. ज्या संघाचे कर्दू सदस्य होते तो संघच उरला नव्हता. त्याची मिशने, त्याची चर्चे आणि त्याचे कागद परदेशी मिशन संस्थेच्या वाट्यास आले होते. द्युबुआ यांनीही पूर्वसूरींचा वारसा पुढे नेला, असे म्हणता येईल. परंतु हस्तलिखित विकले गेले आणि ग्रंथावर एकच नाव छापले गेले, तेव्हा तो वारसा खासगी कीर्तीत रूपांतरित झाला. भाषासाम्याचा शोध लावूनही अलक्षित राहिलेल्या कर्दू यांच्यावर हा दुसरा अन्याय झाला. द्युबुआ यांच्या चरित्रातील ही उणीव त्यांच्या चाहत्यांसही नाकारता येत नाही.

म्हैसूरमधील वारसा

ज्या संस्थेने द्युबुआ यांस भारतात पाठविले तिचे कार्य त्यांच्यानंतरही वाढत गेले. १८५० मध्ये म्हैसूरसाठी स्वतंत्र धर्मविभाग स्थापन झाला आणि १८८६ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. हासन जिल्ह्यातील शेट्टीहळ्ळी येथे फ्रेंच मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात भव्य रोझरी चर्च बांधले. हेमावती नदीवर गोरूर येथे धरण झाल्यावर ते जलाशयाच्या पाण्यात आले. पावसाळ्यात अर्धे पाण्याखाली जाणारे हे भग्न मंदिर पाहण्यासाठी पर्यटक दूरदूरहून येतात. म्हैसूर शहरात १९३३ मध्ये सेंट फिलोमिना चर्चची कोनशिला बसविण्यात आली. ती बसविली कृष्णराजनगरास ज्यांचे नाव लाभले त्याच नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी.

जेझुइट संघाचीही कथा १७७३ मध्ये संपली नाही. १८१४ मध्ये पोपने त्यास पुनरुज्जीवित केले. मुंबईत १८६९ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालय त्याच संघाने सुरू केले. बंगळूरमध्ये परदेशी मिशन संस्थेने १८८२ मध्ये सेंट जोसेफ महाविद्यालय स्थापन केले होते. १९३७ मध्ये ते तिने जेझुइटांच्या हाती सोपविले. एका संघाची मिशने ज्या संस्थेने पोरकी असताना सांभाळली, त्याच संस्थेने दीड शतकानंतर आपली संस्था त्या संघास दिली. कागदांच्या बाबतीत राहिलेले देणे शिक्षणाच्या रूपाने काही अंशी फिटले.

द्युबुआ यांनी आपल्या जीवनाचे मोजमाप धर्मांतरितांच्या संख्येने केले आणि ते अपयशी ठरविले. वाचकांनी ते ग्रंथाने केले आणि त्यांस असामान्य ठरविले. ही दोन्ही मापे अपुरी असल्याचे काळाने दाखविले आहे. लस टोचलेल्या २५,४३२ माणसांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. १९७७ मध्ये भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा म्हैसूरच्या त्या फ्रेंच धर्मगुरूचे स्मरण फारसे कोणी केले नसेल. तरीही दंडावरून दंडावर नेलेली ती लस आणि साथळ्ळीच्या शेतात युद्धग्रस्त कुटुंबांनी धरलेला तो नांगर, हे त्यांचे निर्विवादपणे स्वतःचे असे कार्य होते. ते त्यांनी कोणाकडून उतरून घेतले नव्हते.